ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवे टायर घेताना

लासलगाव, पिंपळगाव किंवा उमराण्याच्या मार्केटबाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली की एकदा मालाकडं न बघता चाकांकडं बघत रांगेच्या टोकापर्यंत चालत जावं. एकाच मापाच्या हौद्याखाली तऱ्हेतऱ्हेची चाकं दिसतात. कुठं ट्रकचे उतरवलेले टायर, कुठं डावीकडं नवा आणि उजवीकडं गुळगुळीत, कुठं ट्रॅक्टरचे पुढचे टायर ट्रॉलीला चढवलेले. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसाठी चार दुकानं हिंडणारा शेतकरी ट्रॉलीच्या टायरला मात्र ‘रिमवर बसतोय ना, मग झालं’ एवढ्यावर सोडून देतो. माल तर सगळा ट्रॉलीच्याच चाकांवर असतो. राहूड घाटात भरल्या ट्रॉलीचं एक चाक फुटलं तर ती ट्रॅक्टरलाही सोबत ओढून नेते.

म्हणून या लेखात नक्षी आणि कंपनी यांच्याआधी वजनाचा हिशेब आहे. टायर रिमच्या मापानं नाही, चाकावर येणाऱ्या वजनानं निवडायचा असतो.

आधी भुईकाटा, मग दुकान

पहिला आकडा हवा तो एका चाकावर येणाऱ्या वजनाचा. तो अंदाजानं ठरवू नका. अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. सुटा कांदा एका घनफुटात साधारण १६ किलो बसतो. हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि फाळके २ फुटांचे असतील तर काठोकाठ १२० घनफूट, म्हणजे १९-२० क्विंटल. पण काठोकाठ भरून कोणी थांबत नाही. वर फळ्या उभ्या केल्या, शीग लावली, की तोच हौदा ३० क्विंटलपर्यंत जातो.

खरा आकडा तुमच्या घरातच पडलेला असतो. मार्केटच्या काट्याच्या पावतीवर भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ माल असे तीन आकडे असतात. गेल्या हंगामातल्या पावत्या काढा आणि निव्वळ मालाचा सगळ्यात मोठा आकडा घ्या. सरासरी नको, कारण टायर सरासरीच्या दिवशी फुटत नाही. त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजन मिळवा. पावतीवरचं रिकामं वजन ट्रॅक्टरसकट असतं, हे विसरू नका. ट्रॉली सोडून एकदा तिचं एकटीचं वजन करून घ्या.

दोन चाकी ट्रॉलीत थोडं वजन हूकवरून ट्रॅक्टरवर जातं. किती जातं ते माल कसा भरला यावर ठरतं. ते मोजायची सोपी रीत अशी: भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर घ्या, ट्रॅक्टर पूर्ण खाली. जो आकडा येईल तो एक्सलवरचा भार. त्याला दोनानं भागलं की एका चाकाचा भार मिळाला.

उदाहरण घेऊ. ट्रॉली १,२०० किलोची, कांदा ३,००० किलो, एकूण ४,२००. हूकवर १५ टक्के गेले असं धरलं तर ६३० किलो ट्रॅक्टरवर, उरलेले ३,५७० एक्सलवर. एका चाकाला १,७८५ किलो. पण रस्ता कधी सपाट नसतो. साइडपट्टीवरून जाताना, खड्ड्यात एक चाक उतरताना किंवा माल एका अंगाला सरकला तर एका चाकावर निम्म्याहून जास्त वजन येतं. म्हणून वर १५ टक्के धरा. म्हणजे २,०५० किलोच्या आसपास पेलणारा टायर हवा. चार चाकी ट्रॉलीत एकूण वजन चारानं भागायचं आणि तेच १५ टक्के वर. तिथं मागच्या चाकांवर जास्त माल येत असेल तर मागचा एक्सल वेगळा मोजलेला बरा.

कांद्याशिवाय ट्रॉलीत काय जातं तेही बघा. द्राक्षाचे आणि टोमॅटोचे क्रेट प्रत्येकी २० किलोचे, त्यांचा हिशेब सोपा आणि भारही हलका. पण चांदवड-येवल्याकडं उन्हाळ्यात बागा जगवायला त्याच चाकांवर पाण्याची टाकी चढते, आणि ५,००० लिटर पाणी म्हणजे टाकीचं वजन धरायच्या आधीच ५ टन. वाळू किंवा मुरूम एक ब्रास भरला तर तोही ४ टनांच्या वर. ओला असेल तर आणखी. विटा हजार म्हणजे ३ टनांच्या आसपास. वर्षातून एकदाच असा भार येत असला तरी टायर त्या एका दिवसाला पुरला पाहिजे. ट्रॉलीच्या आरसीवर भरलेल्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तिच्या वरचा माल हा टायरनं सुटणारा प्रश्न नाही. मोठा टायर टाकला म्हणून एक्सल, हब आणि स्प्रिंगचे पाटे मोठे होत नाहीत.

टायरच्या अंगावर लिहिलेलं

आता दुकानात चला. टायरच्या बाजूवर माप, पीआर, भार निर्देशांक, वेगाचं अक्षर, जास्तीत जास्त हवा आणि बनवल्याची तारीख असते. यातलं दुकानदार सहसा पहिल्या दोनच गोष्टी बोलतो.

पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे टायरच्या ताकदीचा दर्जा. १६ पीआर लिहिलं म्हणून आत १६ थर असतात असं नाही. सुती धाग्यांच्या काळापासूनचं मोजमाप नावाला उरलं आहे. पीआर जितका जास्त तितकी जास्त हवा तो टायर सोसतो, आणि भार पेलते ती हवाच. १६ पीआरचा टायर घेऊन त्यात ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवली तर वरचे पैसे वाया गेले.

भार निर्देशांक हा दोन किंवा तीन आकडी क्रमांक असतो आणि निवडीसाठी तोच सगळ्यात उपयोगी. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०, १२० म्हणजे १,४००, १२२ म्हणजे १,५००, १२६ म्हणजे १,७००, १२८ म्हणजे १,८००, १३२ म्हणजे २,०००, १३४ म्हणजे २,१२०, १३६ म्हणजे २,२४०, १४० म्हणजे २,५०० आणि १४६ म्हणजे ३,००० किलो. वरच्या उदाहरणातल्या ट्रॉलीला १३४ किंवा वरचा हवा. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ असे दोन क्रमांक असतात. पहिला एकट्या चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. ट्रॉलीला बहुधा एकटं चाक असतं, तेव्हा पहिला बघा.

त्यापुढचं अक्षर वेगाचं. शेतीच्या टायरवर ए-६ म्हणजे ताशी ३० किमी, ए-८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५०. ट्रकच्या टायरवर जे म्हणजे १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२०. ए-६ लिहिलेल्या टायरचा भार ३० च्या वेगासाठीच सांगितलेला असतो. मुंबई-आग्रा हायवेवर रिकामी ट्रॉली ४५-५० नं पळवायची सवय असेल तर ए-६ घेऊ नका.

तारीख चार आकड्यांत असते. ३४२४ म्हणजे २०२४ सालचा ३४ वा आठवडा. सिएटचा कारखाना आपल्या सातपूरलाच आहे, पण कारखाना जवळ असला म्हणून दुकानातला टायर ताजा असतो असं नाही. कमी खपणाऱ्या मापाचे टायर दोन-दोन वर्षं पडून राहतात. वर्षाच्या आतला टायर मागून घ्या. ट्रॉलीचा टायर झिजून संपण्याआधी बऱ्याचदा वयानं संपतो, म्हणून दुकानात गेलेलं वर्ष हे तुमच्याच हिश्शाचं गेलं. सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी शाबूत असली तरी भरल्या ट्रॉलीला ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे. शेतातल्या शेतात खत-पाचट वाहायला तो चालेल.

माप एकच, टायर वेगळे

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. ७.५०-१६ (साडेसात इंच रुंदीचा टायर, १६ इंची रिम) हे माप तीन दुकानांत मागितलं तर तीन वेगळ्या गोष्टी समोर येऊ शकतात. एक हलक्या ट्रकचा, १४ किंवा १६ पीआरचा, एका चाकाला दीड टनाच्या आसपास पेलणारा. दुसरा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, मधे तीन उभ्या धारा असलेला, ८ पीआरचा, भार बराच कमी. तिसरा खास ट्रॉलीसाठी बनवलेला. तिन्ही त्याच रिमवर बसतात. बसतात म्हणूनच घात होतो. ट्रॅक्टरचा पुढचा टायर ट्रॅक्टरचं तोंड वळवण्यासाठी बनवलेला असतो, माल वाहण्यासाठी नाही. ६.००-१६ चा ८ पीआर टायर तर एका चाकाला पाऊण टनाच्या आसपासच पेलतो. तो ट्रॉलीखाली घालून ३० क्विंटल कांदा भरणं म्हणजे चाक फुटायची वाट बघणं.

बैलगाडीचे ७.००-१९, ८.००-१९ असे टायर जनावरांच्या वेगासाठी असतात. ट्रॅक्टरमागं ते नकोत.

दोन चाकी ट्रॉलीत २ टनांपर्यंत माल असेल तर ७.५०-१६ चा १६ पीआर जेमतेम पुरतो. त्यापुढं ९.००-१६ किंवा २० इंची रिमचे टायर घ्यावे लागतात. ९.००-२० चा १६ पीआर एकट्या चाकाला साधारण अडीच टन आणि १०.००-२० चा ३ टन पेलतो. हे आकडे पूर्ण हवेचे आहेत. टायरवर लिहिलेला निर्देशांक याहून वेगळा असेल तर टायरवरचाच खरा.

मोठ्या मापाकडं जाताना तीन गोष्टी बदलतात. रिम बदलावी लागते, ९.००-२० ला ७ इंच रुंदीची, १०.००-२० ला साडेसात इंचाची लागते, आणि अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो भर वळणावर लोळतो. दुसरं, ट्रॉली उंच होते. ७.५०-१६ चा व्यास साधारण ८१० मिमी, १०.००-२० चा १,०५० च्या आसपास, म्हणजे हौदा जवळजवळ १२ सेंटीमीटर वर जातो. हूकची उंची तीच राहिल्यानं ट्रॉली पुढं झुकते आणि ट्रॅक्टरच्या हूकवर जास्त वजन येतं. हूकची पट्टी वर-खाली करता येत असेल तर ट्रॉली समतल करून घ्या. तिसरं, भरल्यावर स्प्रिंग दबते तेव्हा टायर हौद्याच्या तळाला घासतो. रिकाम्या ट्रॉलीत चार बोटं जागा दिसते म्हणून फसू नका. पूर्ण भार टाकून बघा.

नायलॉन की रेडियल

ट्रॉलीला नायलॉन टायर घ्या. बाभळीचे काटे, बांधावरचे दगड, शेतातून रस्त्यावर चढताना बाजूला बसणारा मार, हे सगळं नायलॉनची जाड बाजू जास्त सोसते, आणि गावच्या पंक्चरवाल्याला ती नीट दुरुस्तही करता येते. रेडियल हलका फिरतो, कमी तापतो, पण त्याची बाजू पातळ असते आणि एकदा कापली की बहुधा टायरच जातो. सगळी वाहतूक डांबरी रस्त्यानं, लांब पल्ल्याची असेल तर रेडियलचा विचार करावा. एका एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल मात्र कधीच नको. दोघांची बाजू वेगवेगळी दबते, ट्रॉली एका अंगाला ओढते.

नक्षीला लोक फार महत्त्व देतात. ट्रॉलीचं चाक ओढलं जातं, ते स्वतः जमीन ओरबाडत नाही. त्यामुळं त्याला खोल आडव्या गोट्यांची गरज नाही. सरळ उभ्या रेघांची नक्षी कमी ओढ घेते, रस्त्यावर सरळ चालते आणि डिझेल वाचवते. काळ्या मातीत आडवी नक्षी चिखल घेऊन फिरते आणि तो रस्त्यावर सांडते, हा वेगळाच त्रास. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बदला. मोटार वाहन नियमातली किमान खोली तीच आहे.

जुने आणि रिट्रेड टायर

ट्रकचे उतरवलेले टायर ट्रॉलीला लावणं ही नाशिक जिल्ह्यात रीतच आहे, आणि ती सरसकट चुकीची नाही. १०.००-२० चा चांगला जुना टायर नव्या ७.५०-१६ पेक्षा जास्त भार पेलतो. पण तो बघून घ्यायला हात काळे करावे लागतात.

टायर रिमवर असताना विकत घेऊ नका, उतरवून आतून बघा. आत हात घालून बाजूच्या भिंतीवरून पूर्ण गोल फिरवा. सुरकुत्या, सुटलेले धागे, रबराची भुकटी किंवा घासून खरखरीत झालेला पट्टा लागला तर तो टायर कधीतरी हवा नसताना पळवलेला आहे. बाहेरून तो नवा दिसत असला तरी सोडून द्या. भार पडला की तीच बाजू फाटते. मग आत गेटर, म्हणजे फाटलेल्या जागी आतून लावलेला जाड तुकडा, आहे का बघा. नक्षीच्या भागात तळहाताएवढा एक गेटर चालेल, बाजूच्या भिंतीत असेल तर नको. कडेची तार उघडी पडलेली किंवा गंजलेली असेल तर नको. बाहेरून बाजू वाकवून बघा. केसांसारख्या बारीक भेगा वयाच्या असतात. नख शिरेल इतकी भेग खोल असेल तर आत धाग्यापर्यंत पोचलेली असू शकते. शेवटी तारीख वाचा. तारीख घासून काढलेली असेल तर विचारायचं काही उरत नाही.

रिट्रेडमध्ये, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवतात त्यात, खोड (खालचा मूळ टायर) कोणतं होतं यावर सगळं अवलंबून. स्वतःच्या ट्रॉलीचा, स्वतः वापरलेला, आत निरोगी असलेला टायर रिट्रेड करून घेणं ठीक. दुसऱ्याचं अनोळखी खोड रिट्रेड करून दुकानात विकायला ठेवलेलं असेल तर भरल्या ट्रॉलीला ते घेऊ नका. वरचा पट्टा सुटण्याचं कारण बहुधा उष्णता असतं, आणि एप्रिल-मे मध्ये मालेगाव-सटाण्याच्या रस्त्यावर डांबर तापलेलं असताना ती भरपूर मिळते.

जुना टायर का गेला ते आधी शोधा

नवा टायर बसवण्याआधी जुना नीट बघा, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल. नक्षी मधेच झिजली असेल तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजून मधली नक्षी उभी असेल तर हवा कमी किंवा माल जास्त. एकाच कडेला झीज असेल तर एक्सल वाकलाय. चकत्यांसारखी, जागोजागी खळगे पडल्यासारखी झीज असेल तर बेअरिंग ढिलं आहे किंवा यू-बोल्ट सैल.

एक्सल तिरका आहे का ते टेपनं घरीच मोजता येतं. दोन चाकी ट्रॉली सपाट जागी उभी करा. हूकच्या पिनच्या मध्यापासून डाव्या हबच्या मध्यापर्यंत आणि उजव्या हबच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. दोन्ही सारखं हवं. ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटून एक्सल सरकला आहे का बघा. हे फार वेळा सापडतं, आणि त्यामुळं ट्रॉली रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते. मग दोन्ही टायरच्या मध्यरेषेतलं अंतर एकदा पुढून आणि एकदा मागून, हबच्याच उंचीवर मोजा. तेही जवळपास सारखं यायला हवं.

चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवा. खडखडलं तर बेअरिंग. हब उघडलाच आहे तर जुनं ग्रीस रॉकेलनं किंवा डिझेलनं पूर्ण धुऊन काढा, बेअरिंगच्या रोलरवर निळा-काळा डाग किंवा खड्डा दिसला तर बदला, नवं ग्रीस हातानं रोलरच्या आत दाबून भरा. नट चाक जरा अडेपर्यंत कसून मग पिनच्या पुढच्या खाचेपर्यंत मागं घ्या. पिन नवीनच घाला. ऑइल सील फाटलेलं असेल तर पावसाळ्यात हबमध्ये पाणी जाणारच.

ट्यूब, फ्लॅप, रिम

नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप. इथं पैसे वाचवू नका. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते, घडीवर ती घासते आणि फाटते. ट्यूबवरचं माप टायरच्या मापाशी जुळलं पाहिजे. ‘चालते ती’ म्हणून ८.२५ ची ट्यूब ७.५० मध्ये कोंबू नका. फ्लॅप रिमचा गंज आणि ट्यूब यांच्या मधे असतो. तो कडक होऊन वळला असेल तर त्याचीच कड ट्यूब कापते.

रिम तारेच्या ब्रशनं घासून गंज काढा, रेड ऑक्साइड मारा, पूर्ण वाळू द्या. नटांची भोकं अंडाकृती झाली असतील किंवा भोकापासून चीर गेली असेल तर ती रिम वेल्डिंग करून वापरू नका. बदला.

बसवताना जीव सांभाळा

२० इंची आणि बऱ्याच १६ इंची रिमला टायर अडकवून धरणारी लोखंडी लॉक रिंग असते. हवा भरताना ही रिंग निसटली तर समोरच्या माणसाचा जीव जातो. ही भीती घालण्यासाठी लिहिलेली गोष्ट नाही. १६ पीआरच्या टायरात भरलेल्या हवेचा जोर तेवढा असतो.

ट्रॉली रिकामी, सपाट आणि कडक जमिनीवर, ट्रॅक्टरला जोडलेली, ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावलेला. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड. जॅकखाली लाकडाची जाड फळी, एक्सलखाली ओंडका किंवा स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. चाकाचे नट सोडण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. रिंग तडकलेली असेल आणि ती नटांच्या दाबावरच टिकलेली असेल, तर नट सुटताक्षणी उडते.

टायर उतरल्यावर रिंग सपाट जमिनीवर ठेवून बघा. वाकडी, तडकलेली किंवा टोकं झिजलेली असेल तर नवीन घ्या. वेगळ्या रिमची रिंग जुळते असं दिसलं तरी वापरू नका. ट्यूबला टाल्क पावडर चोळा, थोडी हवा भरून तिला गोल आकार द्या, मग टायरात घाला. फ्लॅप सरळ बसवा, व्हॉल्व्ह रिमच्या खाचेत सरळ आला पाहिजे. तिरका व्हॉल्व्ह पहिल्याच फेरीत मुळाशी फाटतो.

हवा भरताना चाकाला लोखंडी पिंजरा असावा. नसेल तर जाड साखळी रिमच्या भोकांतून टायरभोवती तीन-चार वेढे घालून बांधा आणि रिंगची बाजू जमिनीकडं ठेवा. लांब नळी आणि क्लिप असलेला चक वापरा, म्हणजे नळी धरून वाकायला लागत नाही. पहिल्यांदा २०-२५ पीएसआय भरून रिंग सगळीकडं खाचेत बसलीय का बघा. बसली नसेल तर हवा काढून परत बसवा, हवा असताना हातोड्यानं ठोकू नका. मग हवा पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा. ट्यूबची घडी यानंच सुटते. मगच पूर्ण हवा.

नट आधी हातानं लावा, मग समोरासमोरच्या क्रमानं दोन-तीन फेऱ्यांत कसा. चाक जमिनीवर आल्यावर शेवटचा जोर द्या. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहिलं तर स्टड ताणला जातो आणि मग तो चालता चालता तुटतो. एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि शक्यतो एकाच वयाचे ठेवा. जोडचाकं असतील तर दोन्हींच्या व्यासात ७.५०-१६ मध्ये ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. लहान टायर रस्त्यावर घासत राहतो आणि मोठ्यावर दोघांचा भार पडतो.

बिलावर दोन्ही टायरचे क्रमांक लिहून घ्या. हमीसाठी तेच विचारतात.

हवा किती, कधी

टायरवर लिहिलेली जास्तीत जास्त हवा पूर्ण भारासाठी असते. कांद्याच्या हंगामात ट्रॉली जवळपास पूर्ण भारावरच चालते, म्हणून हवाही तेवढीच ठेवा. हवा सकाळी, ट्रॉली रात्रभर उभी असताना, ऊन पडायच्या आत मोजा. सकाळी ८० पीएसआय असलेला टायर दुपारी भरलेला चालल्यावर ९० च्या वर दाखवतो. हे ठीक आहे. तापलेल्या टायरमधून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरलेली सापडते आणि कमी हवेचा टायर बाजूच्या भिंतीत दर फेरीला जास्त वाकतो, तापतो, आत धागे सुटतात. फुटलेल्या टायरांपैकी बहुतेकांचं कारण इथं असतं, कंपनीत नाही.

शेतातून भरलेली ट्रॉली रुतू नये म्हणून हवा कमी करायची पद्धत आहे. कमी करणाऱ्याजवळ शेताच्या तोंडाशी कॉम्प्रेसर नसतो, आणि ती ट्रॉली तशीच मार्केटला जाते. त्यापेक्षा शेतात अर्धी भरा, रस्त्यावर आणून पुरी करा.

हातोडीनं ठोकून आवाजावर हवा ओळखता येते असं समजू नका. ८० आणि ५५ मधला फरक आवाजात कळत नाही. एक साधा मीटर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा.

पहिली फेरी

पहिल्या भरल्या फेरीत १०-१५ किलोमीटरवर थांबून नट परत कसा. रिमवरचा नवा रंग दबला की ते हमखास सैल होतात. त्याच वेळी हबवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, हात टिकत नसेल तर बेअरिंग जास्त कसलं गेलंय, थांबून नट एक खाच मागं घ्या. ५० किलोमीटर झाल्यावर नट आणखी एकदा बघा.

स्टेपनी रिमसकट, हवा भरलेली, त्याच मापाची सोबत असू द्या. मार्केटच्या रांगेत पंक्चर झालं तर भरल्या ट्रॉलीखाली जॅक लावायला आधी जागा लागते, म्हणून जॅक एक्सलखाली शिरेल इतका बुटका आहे ना ते घरीच, टायरची हवा पूर्ण गेलेली असताना, लावून बघा.

हंगाम संपल्यावर ट्रॉली महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर एक्सल ओंडक्यांवर घ्या, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहणार नाहीत. हवा थोडी कमी केली तरी चालेल, पण चाकांवर ऊन येऊ देऊ नका, गोणपाट टाका. खालच्या जमिनीवर डिझेल किंवा ऑइल सांडलेलं नको. आणि फेब्रुवारीत, उन्हाळ कांदा निघायच्या आधी, ती ओंडक्यांवरून उतरवण्यापूर्वीच टायरची तारीख, भेगा आणि हवा बघून घ्या, म्हणजे बदलायचे असतील तर हंगामाच्या गर्दीआधी हातात महिनाभर राहतो.